शाहू महाराजांनी आधी मोजणी केली

जून महिना आपल्याकडे दुहेरी घाईचा. मिरग निघतो, वापसा येतो न येतो तोच बियाणे-खताची धावपळ सुरू होते. नेमका तेव्हाच बारावी झालेल्या पोराचा नाहीतर पोरीचा कॉलेज-प्रवेश दारात येऊन उभा राहतो. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, रहिवासाचा दाखला, नॉन-क्रिमीलेयर. बाप तिफण बाजूला ठेवून सेतू केंद्राच्या रांगेत. याच महिन्याच्या २६ तारखेला राजर्षी शाहू महाराजांची जयंती असते. शाळेत फोटोला हार घालतात, दोन भाषणे होतात, पोरे घरी येतात. रांगेतल्या बापाच्या मनातही येत नाही, की हातातल्या त्या कागदाचा आणि हार घातलेल्या त्या माणसाचा काही संबंध असेल.

संबंध आहे, आणि तो सव्वाशे वर्षांचा आहे.

तुम्हाला पैसेवारी ठाऊक आहे, म्हणून सांगणे सोपे जाईल. पीक बुडाले असे नुसते ओरडून सूट मिळत नाही. शेतात प्लॉट पाडायचा, कापणी करायची, उतारा काढायचा, तो नेहमीच्या पिकाशी ताडून बघायचा, मग कुठे आकडा ठरतो. त्या आकड्यावर भांडणे होतात, ती व्हावीतच. पण आकडाच नसेल तर भांडायलाही जागा राहत नाही. शाहू महाराजांनी शिक्षणातल्या दुष्काळाची अशी पैसेवारी काढली. कोणत्या घरांतली मुले वरपर्यंत पोहोचतात आणि कोणत्या घरांतली वाटेतच गळतात हे त्यांनी आधी पाहिले, आणि मग हात घातला. महाराजांच्या कुस्तीच्या, शिकारीच्या, दिलदारपणाच्या गोष्टी आपण पुष्कळ ऐकतो. ही गोष्ट कमी सांगितली जाते.

कागलचा यशवंतराव

महाराज जन्मले २६ जून १८७४ रोजी, कागलच्या घाटगे घराण्यात. नाव यशवंतराव. आई राधाबाई लहानपणीच गेली, वडील जयसिंगराव आबासाहेब १८८६ मध्ये गेले. त्याआधी दोन वर्षे, १७ मार्च १८८४ रोजी, कोल्हापूरच्या गादीवर हा मुलगा दत्तक गेला होता. दहा वर्षांचे पोर, आणि डोक्यावर राज्य. पुढचे शिक्षण राजकोटच्या राजकुमार कॉलेजात आणि नंतर धारवाडला फ्रेझर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याच्या हाताखाली झाले. २ एप्रिल १८९४ रोजी राज्याची सूत्रे हाती आली तेव्हा महाराजांना विसावे वर्षही पुरे झालेले नव्हते.

राज्य तरी केवढे? नऊ लाखांच्या आसपास वस्ती, बहुतेक सगळी शेतावर जगणारी. कुणबी, मराठे, जैन, लिंगायत, धनगर, मुसलमान, महार, मांग, चांभार, नाना जातींची रयत. आता या रयतेवर कारभार कोण करीत होते ते बघा. १८९४ साली सामान्य कारभारातल्या अधिकाऱ्यांच्या ७१ जागा होत्या, त्यातल्या ६० जागांवर ब्राह्मण अधिकारी होते. कारकुनांच्या जागा सुमारे ५००, आणि त्यात ब्राह्मण नसलेले कारकून अवघे १०. पाचशेत दहा! सारा भरायचा, अर्ज द्यायचा, वाटणीचे भांडण, पाण्याचे भांडण, सगळे कागद ज्या हातांतून जायचे त्या हातांत रयतेच्या घरातला हात शोधूनही सापडत नव्हता.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. त्या पाचशे कारकुनांनी कुणाची जागा हिसकावून घेतली होती असे म्हणता येणार नाही. जागा भरताना लिहिता येणारा, हिशेब जाणणारा, वर इंग्रजी समजणारा माणूस लागे, आणि तसा माणूस एकाच बाजूला तयार होत होता. कोल्हापुरात राजाराम कॉलेज होते, शिकवणारे चांगले होते, दार कुणाला बंद नव्हते. तरी कुणब्याचे पोर तिथपर्यंत जात नव्हते. का जात नव्हते, हा खरा प्रश्न. पुष्कळ शहाणी माणसे तेव्हा म्हणत की त्यांना शिक्षणाची आवडच नाही. आजही काही जण आदिवासी पाड्यांविषयी हेच म्हणतात. महाराजांनी ते उत्तर मानले नाही.

एकच वसतिगृह, आणि ते एकाच बाजूने भरलेले

पहिला उपाय त्यांनी साधा केला. १८९६ मध्ये बाहेरगावच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढले, सर्व जातींना खुले. आज आपल्याला वाटेल, यापेक्षा चांगले ते काय असणार? पण काही दिवसांत ते वसतिगृह ब्राह्मण विद्यार्थ्यांचेच झाले. इतर जातींची मुले आत टिकेनात, येईनात.

एखाद्याने इथे हात टेकले असते. मी दार उघडले होते, तुम्ही आला नाहीत, आता माझा दोष नाही, असे म्हणून मोकळा झाला असता. सरकारी योजनांचे असे होताना तुम्ही-आम्ही पाहतोच: निधी परत गेला, लाभार्थी मिळाले नाहीत, फाईल बंद. महाराजांनी मात्र मूल नेमके कुठे गळते ते शोधले.

गळती कॉलेजच्या फीजवळ नव्हती. ती होती भाकरीजवळ आणि छपराजवळ. गावात चार-पाच इयत्ता झाल्या की पुढे शहरात जायला हवे. शहरात राहायचे कुठे? खोली देणारा आधी जात विचारी. खाणावळी जातीच्या. गरीब ब्राह्मण मुलाची ओढाताण काही कमी नव्हती, पण त्याला माधुकरी मागायची सोय होती. सात घरी सात वार लावून जेवायची रीत होती, नात्या-जातीतला एखादा कारकून ओसरीवर पथारी टाकू देई. कुणब्याच्या पोराला यातले काहीच नव्हते. त्याचा शहरात ओळखीचा माणूस म्हणजे बाजारपेठेतला अडत्या. महार-मांगाच्या पोराला तर विहिरीवरचे पाणीसुद्धा मिळण्याची पंचाईत. म्हणजे शिक्षण फुकट दिले असते तरी ते पोर दुसऱ्या महिन्यात गावाकडे परतले असते, आणि लोक म्हणाले असते, बघा, याला आवडच नाही.

वरून सारखी दिसणारी अडचण आतून किती वेगळी असते! दोन्ही मुले गरीब, दोघांच्या खिशात पैसे नाहीत. पण एकाच्या मागे आधाराची एक अदृश्य व्यवस्था उभी आहे आणि दुसऱ्याच्या मागे नाही. नुसते उत्पन्न मोजले असते तर हा फरक कागदावर आलाच नसता.

मग १९०१ मध्ये महाराजांनी व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केले. पुढे शेतीशास्त्राचे जाणकार म्हणून नाव काढलेले पी. सी. पाटील हे शेतकऱ्याचे पोर या बोर्डिंगच्या पहिल्या मुलांपैकी. त्याच वर्षी जैन बोर्डिंग उभे राहिले. १९०६ मध्ये मुसलमान मुलांसाठी मोहमेडन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि तिचे बोर्डिंग निघाले. १९०८ मध्ये अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींच्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग उभे राहिले. मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांच्या मुलीचे नाव त्याला दिले होते. पुढे लिंगायत, शिंपी, पांचाळ, दैवज्ञ, सारस्वत, कायस्थ प्रभू, ढोर-चांभार, नाभिक, ख्रिस्ती, अशी एकेका समाजाची वसतिगृहे निघत गेली. महाराजांनी जागा दिल्या, इमारती दिल्या, वर्षाची नेमणूक बांधून दिली, आणि त्या त्या समाजातल्या मंडळींनाही खिशात हात घालायला लावला. त्यांच्या हयातीत ही संख्या वीसच्या आसपास गेली. कोल्हापूरला वसतिगृहांची जननी म्हणतात ते यामुळे. नाशिक, पुणे अशा राज्याबाहेरच्या गावांतल्या बोर्डिंगांनाही त्यांची मदत होत असे.

जातीजातींची बोर्डिंगे काढून जातीभेद पक्का केला, हा आक्षेप तेव्हाही आला आणि अजून येतो. आक्षेप अगदीच पोकळ नाही. पण १८९६ च्या वसतिगृहाचा अनुभव पदरात असलेल्या माणसाने दुसरे काय करायला हवे होते, हे आक्षेप घेणाऱ्याने सांगावे. महाराजांना जातीच्या भिंती आवडत नव्हत्या. पोर आज शहरात टिकले पाहिजे, ही त्यांची निकड होती.

२६ जुलै १९०२

बोर्डिंगे निघाली, मुले येऊ लागली. पण शिकून करायचे काय? आपल्याकडे आजही बाप विचारतो ना, पंधरावी करून पोराला काय मिळणार? तेव्हाचा कुणबी बापही तेच विचारी. पोर शेतावर राबले तर दोन हात मिळतात. शिकायला पाठवले तर दोन हात जातात, वर खर्च, आणि शेवटी नोकरी तर मिळत नाहीच. हा हिशेब चुकीचा नव्हता, आणि महाराजांनी तो चुकीचा ठरवलाही नाही. त्यांनी हिशेबातला आकडाच बदलला.

१९०२ साली ते सातव्या एडवर्ड बादशहाच्या राज्यारोहणासाठी विलायतेला गेले होते. त्याच दौऱ्यात केंब्रिज विद्यापीठाने त्यांना एलएल. डी. ही सन्मानाची पदवी दिली. महाराज तिकडे असतानाच कोल्हापूर सरकारच्या गॅझेटात २६ जुलै १९०२ चा हुकूम प्रसिद्ध झाला. पन्नास टक्के जागांचा हुकूम म्हणून तो सगळ्यांना माहीत आहे. पण पुरा हुकूम फार थोड्यांनी वाचलेला असतो, म्हणून त्यातले सार इथे आपल्या शब्दांत देतो.

हुकुमाची सुरुवात कबुलीने होते. सर्व प्रजेला शिक्षण मिळावे म्हणून राज्यात प्रयत्न झाले, पण मागासलेल्या वर्गांच्या बाबतीत हवे तसे यश आले नाही, असे राजाने स्वतः छापून सांगितले. मग कारण दिले आहे: उच्च शिक्षणाचे फळ पुरेशा लोकांपर्यंत पोहोचत नाही, म्हणून मागासलेल्या वर्गांना वरपर्यंत शिकण्याचे प्रोत्साहन उरत नाही. यावर उपाय म्हणून हुकुमाच्या तारखेपासून रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी पन्नास टक्के जागा मागासलेल्या वर्गांतल्या लोकांना द्यायच्या. ज्या कचेरीत या वर्गांचे प्रमाण निम्म्याहून कमी असेल, तिथली पुढची नेमणूक त्यांच्यातलीच करायची. मागासलेले कोण, तर ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी आणि दुसरे पुढारलेले वर्ग सोडून बाकी सगळे.

आणि शेवटी, तुम्हा सरकारी कागद हाताळणाऱ्या मंडळींच्या खास ओळखीची गोष्ट. प्रत्येक खातेप्रमुखाने केलेल्या नेमणुकांचे पत्रक दर तीन महिन्यांनी सादर करायचे! तिमाही रिटर्न म्हणजे काय ताप असतो ते तुम्हाला सांगायला नको. पण या एका कलमामुळे तो हुकूम भिंतीवरच्या सुविचारासारखा लटकत राहिला नाही. कोणत्या कचेरीत किती जागा सुटल्या, कुणाला दिल्या, दर तिमाहीला कागदावर यायचे. दहा वर्षांनी, १९१२ च्या सुमारास, त्या ७१ च्या जागी ९५ अधिकारी होते आणि त्यात ब्राह्मण अधिकारी ३५. नोकऱ्यांसाठी काढलेला हा हुकूम मुळात कॉलेजच्या वाटेवर दिवा लावण्यासाठी होता, हे आपण पार विसरून गेलो आहोत.

गदारोळ झाला. होणारच. लायकी बुडाली, कारभार बुडाला, महाराज ब्राह्मणद्वेष्टे आहेत, असे बोलले गेले आणि लिहिलेही गेले. कोल्हापुरात एक गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. असाच आक्षेप घेणाऱ्या एका वकिलाला महाराजांनी घोड्यांच्या पागेत नेले. आधी प्रत्येक घोड्याच्या तोंडाला तोबरा बांधला होता, तेव्हा सगळी घोडी आपापले हरभरे खात होती. मग तोबरे सोडवून हरभरे खाली जाजमावर ओतायला लावले. धट्टीकट्टी घोडी पुढे घुसली, अशक्त शिंगरे मागे राहिली, लाथांच्या भीतीने जवळही येईनात. वकील काय समजायचे ते समजला. गोष्ट फक्कड आहे, दर जयंतीला भाषणात येते. आम्हाला मात्र त्यात एक उणीव वाटते. पागेत अशक्त शिंगरू डोळ्यांना दिसते. नऊ लाखांच्या राज्यात ते दिसत नाही, तिथे ७१ आणि ५०० असे आकडे मांडावे लागतात. तोबरा बांधण्याआधी महाराजांनी घोडी मोजली होती.

माप पुन्हा पुन्हा तपासले

माप एकदा ठरले की ते देवाने दिल्यासारखे धरून बसायचे, ही आपली सवय. महाराजांनी तसे केले नाही, आणि त्यांचे मोठेपण मला यात जास्त दिसते.

१९०२ च्या हुकुमात एक ठळक फट होती. पुढारलेले चार-पाच वर्ग सोडून बाकी सगळी रयत एकाच टोपलीत होती. पाटीलकी असलेला, पन्नास एकरांचा मराठा आणि गावकुसाबाहेरचा महार, दोघेही मागासलेले. अशा टोपलीतून कोण आधी उचलले जाणार, हे सांगायला ज्योतिषी नको. तेव्हा अस्पृश्यांसाठी महाराजांनी वेगळी पावले उचलली. मिस क्लार्क बोर्डिंग झाले, १९११ मध्ये त्यांचे सगळे शिक्षण मोफत केले, १९१९ मध्ये त्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्यांची मुले सर्वांच्या शाळेत बसवण्याचा हुकूम काढला. नोकरीच्या हुकुमात ज्या प्रभू आणि शेणवी समाजांना त्यांनी पुढारलेले ठरवले, त्यांच्या मुलांच्या वसतिगृहांना मात्र त्यांनीच मदत केली. वरवर पाहता हा विरोध वाटेल. तसा तो नाही. कारकुनीत हे समाज मागे नव्हते, पण त्यांचेही बाहेरगावचे गरीब मूल कोल्हापुरात उपाशी झोपू शकत होते. नोकरीचे माप वेगळे आणि भाकरीचे माप वेगळे. हा बारकावा आजच्या आपल्या नियमांत शोधावा लागतो.

मुलींच्या बाबतीत त्यांचे काम तेवढे रुंद नव्हते, हे खरे. मुलींच्या शिक्षणाची देखरेख त्यांनी रखमाबाई केळवकरांकडे दिली होती, आणि त्यांची कन्या कृष्णाबाई डॉक्टर होऊन कोल्हापूरच्या दवाखान्यात काम करू लागली, यामागे दरबारचे पाठबळ होते. १९१८ मध्ये धाकटे चिरंजीव प्रिन्स शिवाजी शिकारीत अपघाताने गेले. मागे राहिलेल्या कोवळ्या वयाच्या सूनबाई इंदुमतीदेवींना महाराजांनी सोनतळीला ठेवून शिकवायला घेतले. राजघराण्यातली विधवा सून पुस्तक घेऊन बसते, हे त्या काळी पचायला सोपे नव्हते. तरी मुलींसाठी मुलांसारखी वीस बोर्डिंगे निघाली नाहीत, हेही नोंदवले पाहिजे.

गावची शाळा आणि गावचा तलाठी

वर कॉलेजात जागा ठेवून उपयोग काय, खालून पोरेच आली नाहीत तर? १९१७ मध्ये महाराजांनी सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला. १९१८ मध्ये करवीर पेट्यातल्या चिखलीपासून त्याची सुरुवात झाली. मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड होता. त्या काळचा रुपया म्हणजे मजुराची कित्येक दिवसांची कमाई, तेव्हा हा दंड काही गमतीचा नव्हता. आणि सक्ती म्हटली की यादी आलीच. गावात शिकायच्या वयाची मुले किती, पटावर किती, उरलेली कुठे, हे गावोगाव मोजल्याशिवाय दंड कुणाला करणार?

त्याच १९१८ सालात त्यांनी कुलकर्णी वतन बंद केले आणि पगारी तलाठी नेमले. तलाठी मंडळींनो, कोल्हापूर राज्यात तुमच्या खुर्चीचा जन्म असा झाला. गावचे दप्तर वंशपरंपरेने एका घरात राहण्याऐवजी शिकून तयार झालेल्या माणसाच्या हाती आले. नव्या तलाठ्यांना शिकवून तयार केले गेले, आणि त्यात अस्पृश्य समाजातली माणसेही होती. महाराच्या पोराने सातबाऱ्याच्या कामाला हात लावायचा, ही १९१८-१९ ची गोष्ट आहे, विसरू नका. पुढे वकिलीच्या सनदाही त्यांनी या समाजांतल्या लोकांना दिल्या.

आता जरा आजचे बोलू. २०२४ मध्ये तलाठ्याचे नाव ग्राम महसूल अधिकारी असे बदलले, गावात अजून तलाठीच म्हणतात. पोराच्या फीच्या सवलतीसाठी जी शासनाची योजना आहे तिला शाहू महाराजांचेच नाव आहे, आणि तिला कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची आठ लाखांची मर्यादा आहे. अल्पभूधारकांच्या आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी वसतिगृहाचा निर्वाह भत्ता आहे, त्याला पंजाबराव देशमुखांचे नाव आहे. सगळे उत्पन्नाच्या आकड्यावर चालते. आता नोकरदाराचे उत्पन्न पगाराच्या स्लिपवर छापून येते. शेतकऱ्याचे कुठे येते? जमिनीचा उतारा, पीकपाणी, आणि तलाठ्याचा अंदाज. ज्या साली गारपिटीने द्राक्षबाग झोपली त्या साली त्या बागायतदाराचे उत्पन्न किती धरायचे? जमीन आजोबांच्या नावावर, वाटणी तोंडी, खाणारी तीन घरे. मग उत्पन्न कुणाचे? गावात राहणाऱ्या माणसाला हे माहीत असते, तहसील कचेरीतल्या संगणकाला नसते. अहवालात एक शून्य इकडचे तिकडे झाले तर नर्सिंगची नाहीतर अभियांत्रिकीची जागा हातची जाते. आणि उलटेही आपण बघतो: ज्याच्या दारात दोन गाड्या, त्याचा दाखला साठ हजारांचा. तो दाखला ज्याच्या शिफारशीने निघाला, त्याने खऱ्या गरजू पोराच्या तोंडचा तोबरा काढून नेला असे समजायला हरकत नाही. शाहू महाराजांच्या खातेप्रमुखाला तीन महिन्यांनी जाब द्यावा लागे.

भाऊराव आणि बाबासाहेब

मोजून केलेल्या या कामाचे पीक कुठे कुठे उगवले ते सांगतो आणि थांबतो. कुंभोजचा एक दांडगा मुलगा कोल्हापुरात राजाराम हायस्कूलला शिकायला आला आणि जैन बोर्डिंगात राहू लागला. मिस क्लार्क बोर्डिंगच्या समारंभाला तो गेला आणि परत आल्यावर आंघोळ करून शुद्ध व्हायला त्याने नकार दिला. बोर्डिंगातून त्याला बाहेर काढले, महाराजांनी आपल्याकडे आसरा दिला. हा मुलगा काही मॅट्रिक झाला नाही. पण हेच आपले कर्मवीर भाऊराव पाटील. १९१९ मध्ये कराड तालुक्यातल्या काले इथे त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली. १९२४ मध्ये साताऱ्यात सगळ्या जातींच्या मुलांना एका पंगतीला बसवणारे बोर्डिंग सुरू केले. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याला शाहू महाराजांचे नाव दिले गेले. म्हणजे १८९६ ला कोल्हापुरात जे जमले नव्हते ते अठ्ठावीस वर्षांनी साताऱ्यात जमले. मधल्या काळात जातवार बोर्डिंगांतून शिकलेल्या मुलांची एक फळी उभी राहिली होती. तिच्याशिवाय ते जमले असते असे आम्हाला वाटत नाही.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची आणि महाराजांची गाठ त्या शेवटच्या वर्षांतली. १९२० च्या जानेवारीत निघालेल्या मूकनायक पत्राला महाराजांनी अडीच हजार रुपये दिले. २१ आणि २२ मार्च १९२० रोजी कागल जहागिरीतल्या माणगावला अस्पृश्यांची परिषद भरली. बाबासाहेब अध्यक्ष होते, महाराज स्वतः हजर होते, आणि यापुढे तुमचा पुढारी हाच, असे त्यांनी भरसभेत लोकांना सांगितले. त्याच वर्षी बाबासाहेब अर्धे राहिलेले शिक्षण पुरे करायला लंडनला गेले, त्यातही महाराजांचा हात होता.

त्यानंतर महाराजांना फार दिवस मिळाले नाहीत. ६ मे १९२२ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. वय अठ्ठेचाळीसही पुरे नव्हते.

कोल्हापूरला कधी उसाच्या बिलाच्या, कोर्टाच्या नाहीतर दवाखान्याच्या कामाने गेलात तर दसरा चौकात पाच मिनिटे उभे राहा. महाराजांचा पुतळा तिथे आहेच. पुतळा पाहून झाला की भोवतालच्या जुन्या इमारतींवरच्या पाट्या वाचा. जैन बोर्डिंग, मुस्लिम बोर्डिंग, आणखी दोन-चार. पोराला कॉलेजात घालायला निघाला असाल, तर त्यालाही त्या दाखवा.